पीडीएफचं कुलूप काढताना

गृहकर्जाच्या अर्जाला सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट जोडायची होती. ईमेलने येणारं प्रत्येक स्टेटमेंट पासवर्ड टाकल्याशिवाय उघडत नाही, आणि कर्जाच्या पोर्टलला पासवर्डवाली फाइल चालत नाही. फाइल माझी, पासवर्डही माहीत. फक्त कुलूप काढून हवं होतं.

गूगलवर शोधलं तर ‘मोफत अनलॉक’वाल्या साइट्सची रांगच लागली. पण पगार, पत्ता, कुणाला कधी किती पैसे पाठवले हे सगळं परक्या सर्व्हरवर चढवायचं आणि ‘तासाभरात डिलीट करतो’ यावर विश्वास ठेवायचा? छे.

सोपा मार्ग क्रोममध्येच आहे. फाइल उघडून पासवर्ड द्यायचा, प्रिंटमध्ये जाऊन ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ करायचं; नवी प्रत बिनपासवर्डची मिळते. बहुतेक स्टेटमेंट अशीच सुटली. एका फाइलला मात्र छपाईचीच बंदी होती. तिच्यासाठी क्यूपीडीएफ नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. फुकट आणि ओपन सोर्स, पण बटणं-बिटणं काही नाहीत; कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत पासवर्ड, ‘डिक्रिप्ट’ आणि दोन्ही फाइलींची नावं टाइप करायची. ते पासवर्ड ओळखून देत नाही, तो आपणच द्यावा लागतो.

तेव्हा कळलं की पीडीएफला दोन पासवर्ड असू शकतात. एक फाइल उघडण्याचा, दुसरा मालकाचा, म्हणजे छपाई आणि कॉपीवर बंदी घालणारा. नुसता दुसरा असेल तर फाइल कुणालाही उघडता येते, आणि बंदी पाळायची की नाही हे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सभ्यतेवर असतं. पहिला खरा. पण तोही आपल्याकडे बहुधा जन्मतारीख! एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर सांकेतिक करून टाकणं, अगदी मजबूत २५६ बिटचं असलं तरी शंभर वर्षांत तारखा जेमतेम ३६,५२५. साधा लॅपटॉप त्या सगळ्या काही मिनिटांत लावून बघेल.

दुसऱ्याच्या मालाचं कुलूप काढणं ही वेगळी गोष्ट. अडोबीच्या ई-बुकांवरचे निर्बंध काढणारं सॉफ्टवेअर लिहिलं म्हणून रशियन प्रोग्रामर दिमित्री स्क्ल्यारोव याला २००१ मध्ये लास व्हेगासमध्ये अटक झाली होती. पुढच्या वर्षी ज्यूरीने त्याच्या कंपनीला निर्दोष ठरवलं, तो भाग निराळा.

खरी अडचण आली ई-आधारला. त्याचा पासवर्ड सोपा, नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. पण त्या फाइलवर डिजिटल सही असते. क्रोममधून छापा किंवा क्यूपीडीएफने सोडवा, फाइल नव्याने लिहिली जाते आणि सही ग्राह्य राहत नाही. पोर्टलने बिनपासवर्डची प्रत निमूट घेतली. दोन दिवसांनी कर्ज विभागातून फोन: ‘सर, सही व्हेरिफाय होत नाहीये. ओरिजिनल फाइल आणि तिचा पासवर्ड व्हॉट्सॲप करा ना.’ मी लॅपटॉप घेऊन शाखेत गेलो आणि त्यांच्यासमोरच मूळ फाइल उघडून दाखवली.