आमची वाटचाल : तोळ्यापासून ठिपक्यापर्यंत

नाशिकच्या सराफ बाजारात राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेला, रुपया बहुतेक वेळा मोडीच्या भावानेच घेतला जातो. हिशेब सोपा आहे. रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात अकरा भाग चांदी, एक भाग हीण. शंभर रुपयांत १,०६९ ग्रॅम शुद्ध चांदी, झिजेपोटी टक्का-दीड टक्का वजा. आमच्या पेढीची सुरुवात याच हिशेबावर झाली. आज आम्ही चांदीच्या जुन्या नाण्यांच्या संग्रहांचे मूल्यांकन करतो, आणि तोळ्याचा हिशेब अजूनही अहवालाच्या पहिल्या पानावर असतो. फक्त आता तो किमतीचा तळ ठरवतो. वरचे मजले नाण्यागणिक वेगळे.

पहिली वाटणी सालाची. १९४० ते १९४५ चे रुपये वजनाला तेवढेच, पण चांदी निम्मी. ते राणीछापात मिसळून तोलले की प्रत्येक नाण्यामागे जवळजवळ पाच ग्रॅम चांदी जास्त धरली जाते. १९४७ चा रुपया तर निकेलचा, चुंबकालाच चिकटतो.

संशय आला की नाणे पाण्यात तोलतो. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि नाणे दोऱ्याला टांगून, तळाला टेकू न देता, पूर्ण बुडवायचे. काट्याने १.१३ ग्रॅमच्या आसपास दाखवले, तर ११.६६ ला त्या आकड्याने भागून घनता १०.३ येते. निम्म्या चांदीची घनता साडेनऊच्या आसपास, जर्मन सिल्व्हरच्या (तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू, चांदी नसलेला) नकलेची त्याहून कमी. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. गफलत होते ती बुडबुड्यांनी: कडेच्या दात्यांत हवा अडकते आणि अस्सल नाणे खोटे ठरते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की हवा सुटते.

मग भिंग. खरे काम इथे आहे, आणि आम्हाला ते शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला. १८४० चा रुपया १८६२ पर्यंत त्याच सालाने पडत राहिला, आणि १८६२ चा १८७४ पर्यंत. त्यामुळे नुसत्या सालावरून काही कळत नाही. मुंबई टांकसाळीने १८६२ च्या रुपयावर ठिपके देऊन खरे वर्ष नोंदवले. ते ठिपके मोजावे लागतात. झिजलेल्या नाण्यावर ठिपका होता की नव्हता हा वाद सुटत नाही, अशा वेळी आम्ही भाव स्वस्त प्रकाराचाच धरतो. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला तळाच्या कमळाखाली बारीक ठिपका असेल तर मुंबई, नसेल तर कलकत्ता. १९१६-१९१८ चे रुपये ढिगाने मिळतात. मुंबईचे १९२१ आणि १९२२ तसे मिळत नाहीत.

१९११ च्या ‘डुक्कर’ रुपयाबद्दल मात्र भलत्याच कल्पना आहेत. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी ७ लाखांच्या आसपासच बाहेर पडले होते, उरलेले वितळवले. नाणे चांगलेच, पण लाख रुपये किमतीचे नव्हे. सात लाख ही काही थोडी संख्या नाही. दुर्मीळ आहे तो १९३९ चा पूर्ण चांदीचा रुपया, आणि म्हणूनच १९३८ मधल्या ८ चा ९ करणारे हातही आहेत. वीसपट भिंगाखाली शेवटच्या आकड्याभोवतीची पाटी, म्हणजे मोकळी सपाट जागा, खरवडलेली, किंचित खोलगट दिसते.

सालाइतकीच किंमत अवस्थेला. दर लक्ष्मीपूजनाला रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासलेला रुपया चकचकीत दिसतो. तिरका उजेड टाकला की एकाच दिशेचे बारीक ओरखडे उठतात. असे नाणे संग्राहकाच्या लेखी बाद, चांदीचा भाव तेवढा उरतो. हळद-कुंकू चिकटले असेल तर ते तसेच आणा. माळेतल्या नाण्यांची कडी काढली तरी डाखेचा डाग कडेला, बहुधा डोक्याच्या वर, राहतो. तिथले दाते बुजलेले असतात.

चांदवडी रुपयाला हे नियम पुरत नाहीत. तो इथलाच, आमच्या जिल्ह्यातला. फारसी अक्षरांत बादशहाचे नाव, आणि ठसा चकतीपेक्षा मोठा, म्हणून टांकसाळीचे नाव अर्धेमुर्धेच उमटते. ‘चांदोर’ (चांदवडचे जुने नाव) किती वाचता येते यावर भाव. सराफांनी पारखताना मारलेले टाक, म्हणजे ठोकलेल्या बारीक खुणा, असले तर भाव उतरतो, पण ते खोटेपणाचे लक्षण नाही.

अहवालात प्रत्येक नाण्यापुढे वजन, टांकसाळ, प्रकार, अवस्था आणि दोन आकडे देतो: त्या दिवशीच्या चांदीच्या दराने धातूची किंमत आणि संग्राहकाची अपेक्षित किंमत. दोनशे नाण्यांच्या पिशवीत पाच-सात नाण्यांवरच दुसरा आकडा पहिल्याच्या बराच वर जातो. बाकीची तोळ्यानेच विकावीत, असे आम्ही स्पष्ट लिहितो.

अमेरिकेतल्या मुलाकडे नाणी पाठवता येतील का, असे बरेच जण विचारतात. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत हंडा सापडला असेल तर आमच्याकडे नको, १८७८ च्या कायद्याप्रमाणे आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.

आणि घरी ठेवताना मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका. काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकटा येतो. तो ॲसिटोनमध्ये बुडवून निघतो, पण त्याखाली चांदी खाल्ली गेली असेल तर ती परत येत नाही.