नुसती पाठ मिळेल का?

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या बागेत चालायला गेलात तर एखाद्या फेरीला बाकडी वाचत जा. संभाजी बाग असो, कमला नेहरू पार्क असो, नाहीतर गल्लीतलं छोटंसं उद्यान असो, बाकड्याच्या पाठीवर काहीतरी लिहिलेलं असतंच. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’, खाली मुलगा, सून, मुलगी, जावई, नातवंडं आणि जागा उरलीच तर ‘व समस्त परिवार’. चालून दमलेला माणूस यातलं अक्षरही वाचत नाही. बाकडं ओलं नाही ना, वर कावळा बसलेला नाही ना, एवढं तो बघतो, रुमालानं दोनदा झटकतो आणि त्या नावालाच पाठ लावून बसतो. नाव झाकलं जातं. मला हे पटतं. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोपेक्षा गेलेल्या माणसाचा उपयोग इथं जास्त होतो.

आमच्या घरात हा विषय निघाला तो अण्णाकाकांच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास. न्यू जर्सीच्या चुलतभावानं घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या बाकड्यांचे फोटो टाकले. तिथं १९८६ पासून बाकडं दत्तक घ्यायची सोय आहे. १०,००० डॉलर भरले की पाठीच्या फळीवर धातूची एक लहानशी पट्टी लागते आणि तिच्यावर आपल्याला हवा तो मजकूर येतो. कुणी आईसाठी चार शब्द लिहिलेत, कुणी लग्नाच्या वाढदिवसासाठी, कुणी चक्क कुत्र्यासाठी. ‘आपण अण्णांसाठी पुण्यात असं काहीतरी करू या,’ असं त्यानं लिहिलं. आत्यानं आधी डॉलरचे रुपये केले आणि मग कळवलं, ‘एवढ्यात इथं आख्खी बाग बसेल.’

जागा ठरली नव्हती, परवानगी मागितली नव्हती, पण मजकुरावर चर्चा सुरू झाली. ‘कै.’च्या आधी ‘ती.’ हवं, असं आत्याचं म्हणणं. धाकट्या काकांना ‘निवृत्त उपअभियंता’ घालायचं होतं. भाचीनं ‘अण्णांची जागा’ एवढंच सुचवलं, त्यावर कुणीतरी ‘जागा म्हटलंस की पुण्यात सातबारा मागतील’ असा शेरा मारला. मग मोठ्या जावयाचं नाव आलं म्हणून धाकट्याचंही आलं, आणि बघता बघता त्या दोन फुटी पट्टीची लग्नपत्रिका झाली. ‘आमच्या आजोबांच्या बाकड्याला यायचं हं’ एवढंच लिहायचं राहिलं होतं.

या सगळ्यात एक अडचण कुणाच्याच लक्षात आली नव्हती. अण्णाकाका बागेतल्या बाकड्यावर कधी बसलेच नाहीत. ते फेऱ्या मारायचे, आणि बसलेल्या ओळखीच्या माणसांना जाता जाता ‘उठा, गंज चढेल’ म्हणून टोमणा मारायचे. बसायची ती काकू. तिचे गुडघे केव्हाच गेलेले. ती एका ठिकाणी बसून राही आणि काका दर फेरीला तिच्यासमोरून जाताना एकेक वाक्य टाकून जात. एका फेरीला ‘वीजबिल भरायचंय’, पुढच्या फेरीला ‘आज कढी कर’. त्यांच्या संसाराचं निम्मं बोलणं असं हप्त्याहप्त्यानं झालेलं आहे.

नाव कोरायची हौस आपल्याला नवी नाही. देवळाच्या पायऱ्या, नदीचे घाट, पाणपोया, धर्मशाळेच्या खोल्या, सगळीकडे कुणा ना कुणाचं स्मरण असतंच. पायरीवर नाव घालणाऱ्याला तर ते लोकांच्या पायाखालीच यायला हवं असतं. पंढरपूरच्या महाद्वारातली नामदेव पायरी हे त्याचं मूळ उदाहरण. येणाऱ्याजाणाऱ्या संतांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. आणि आपण काय करतो, तर तिच्यावर पाय पडू नये म्हणून जपतो आणि वाकून नमस्कार करतो. त्यांनी पाय मागितले, आपण हात जोडले. बाकड्याच्या बाबतीत तो धोका नाही. बाकड्याला नमस्कार करून उभा राहिलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पुतळ्यांचं तसं नसतं. पुतळा उभा राहिला की त्याला बाजू येते आणि विरोधकही येतात. संभाजी बागेतला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा जानेवारी २०१७ मध्ये एका रात्रीत उखडून मुठेत टाकला गेला, ते पुणेकरांना आठवत असेल. रस्त्याला नाव दिलं तर तेही टिकतंच असं नाही. फर्ग्युसन रस्त्याला नामदार गोखल्यांचं नाव आहे, आणि तिथं रोज खरेदीला जाणाऱ्या किती जणांना ते माहीत आहे, हे एकदा विचारून बघा. सिंहगड रस्त्यावरची ती देखणी जपानी बाग, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली, तिला पु. ल. देशपांड्यांचं नाव दिलं. लोकांनी त्याचं ‘पु. ल. गार्डन’ करून टाकलं. हे मात्र छान झालं. तेवढ्या दोन अक्षरांवर तो माणूस पुण्यात कुठेही ओळखता येतो.

पुण्यातल्या बागांमधलं खरं स्मारक माझ्या मते आगाखान पॅलेसच्या आवारात आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना इथं स्थानबद्ध केलं, आणि आठवड्याच्या आतच, १५ ऑगस्टला, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले. वय जेमतेम पन्नास. त्यांचं दहन त्याच आवारात झालं. पुढे २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबा गेल्या. त्यांनाही तिथंच अग्नी दिला. दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. आज तिथं सहली येतात, मुलं हिरवळीवर डबे उघडतात, शिक्षक ‘ओळ मोडू नका’ म्हणून ओरडत असतात. मला त्या जागेचं जे वाटतं ते दगडामुळे नाही. ६ मे १९४४ ला सुटका होईपर्यंत गांधीजी रोज तिथं फुलं घेऊन जात, त्यामुळे वाटतं. सगळ्या देशाचा भार डोक्यावर असलेला म्हातारा माणूस, वर तुरुंगात. पण आपल्या माणसाच्या जागेपर्यंत रोज चालत जाण्याचं काम त्यानं दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही.

हे रोज जाणंच झाडांच्या बाबतीत आडवं येतं. बाकडं नको, झाड लावू, असं म्हणणारा एक पक्ष आमच्या घरातही होताच. विचार चांगला आहे. हल्ली कित्येक जण रक्षा नदीत न सोडता खड्ड्यात घालतात आणि त्यावर रोप लावतात; मुठेची अवस्था बघता नदीही त्यांना दुवा देत असेल. वेताळ टेकडीवर, हनुमान टेकडीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन चढणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यातले काही जण आपल्या माणसाच्या नावानं लावलेल्या रोपाला पाणी घालायला जातात. पण रोप लावायचं जुलैत, फोटोही जुलैत, आणि खरी परीक्षा मार्च ते मे. टेकडीवरचा मुरूम तापतो, गवत वाळतं, कधी वणवाही लागतो. जून उजाडेपर्यंत लोखंडी पिंजरा शाबूत, त्याच्यावरची नावाची पाटी शाबूत आणि आत काटकी. आपल्या माणसाच्या नावाखाली वाळलेली काटकी बघायची माझी तयारी नाही. ज्याला एप्रिलमध्ये बाटली घेऊन चढायचंय त्यानंच झाड लावावं. बाकीच्यांनी बाकडं द्यावं.

तर काकू. ग्रुपवर दोनशे निरोप होऊन गेले तरी तिनं एकही अक्षर लिहिलं नव्हतं, कारण तिनं तो ग्रुप उघडलाच नव्हता. शेवटी मीच घरी जाऊन विचारलं, ‘काकू, पट्टीवर काय लिहायचं?’ ती म्हणाली, ‘काय हवं ते लिहा रे. बाकड्याला पाठ आहे का ते सांग.’

मग तिनं तासभर मला बाकडी समजावली. नव्या बागांमधून हल्ली जे चकचकीत ग्रॅनाइटचे ओटे घालतात त्यांना पाठ नसते, हात नसतात. म्हाताऱ्या माणसाला बसायला पाठ लागते आणि उठायला हात लागतात. ओटा बुटका असला की खाली बसता येतं, पण उठायला कुणाला तरी हाक मारावी लागते. उन्हाळ्यात दहा वाजले की दगड असा तापतो की पातळातून चटका बसतो. सावली हवी ती फाल्गुन-चैत्रातही राहणारी हवी. शिरीषाखाली बसवाल तर ऐन वेळी पानं झडलेली असतात आणि डोक्यावर नुसत्या शेंगा वाजतात. ‘आम्ही जायचो त्या बागेतली बकुळ बघ,’ ती म्हणाली. बकुळीची पानं झडत नाहीत, आणि पावसाळ्याच्या तोंडावर फुलं मांडीत पडतात.

मी जाऊन पाहिलं. बकुळीखाली बाकडं आधीच आहे. बिनपाठीचं, बिनहाताचं, आणि पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘माननीय नगरसेवकांच्या विकासनिधीतून’. दुसरं बाकडं बसेल एवढी जागा तिथं नाही. काकूला तसं सांगितलं तर ती क्षणभरही विचारात पडली नाही.

‘मग नवीन कशाला? त्यालाच पाठ आणि हात लावून द्या. बसायचं नगरसेवकांवर आणि टेकायचं अण्णांवर.’

ग्रुपवर हे टाकल्यावर पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं, न्यू जर्सीसकट. मजकूरही आपोआप आटला, कारण पाठीच्या वरच्या पट्टीवर एका नावापुरतीच जागा होते. जावई दोघेही सुटले. आता प्रश्न अर्जाचा आहे. छापील अर्जात बाकडं देण्याचा रकाना आहे, झाडाचा आहे, कचराकुंडीचाही आहे. नुसती पाठ द्यायची असेल तर ती कशात धरायची, हे विचारायला सोमवारी मी जाणार आहे.