फार लॅपच्या भेटीला, तीन शहरांत

वेलिंग्टनला बाहेर पाऊस लागला होता, म्हणून मी ‘ते पापा’ नावाच्या संग्रहालयात शिरले. फिरत फिरत एका घोड्याच्या सांगाड्यापुढे येऊन थांबले. लांबलचक मान, रुंद छाती, आणि गुडघ्याखाली मात्र इतकी बारीक हाडं, की एवढ्यावर एवढं मोठं जनावर भरधाव धावत होतं हे पटेना. पाटी वाचली तर कळलं, हा फार लॅप, ऑस्ट्रेलियात गाजलेला शर्यतीचा घोडा. इथे आहेत ती फक्त हाडं. कातडं मेलबर्नला, हृदय कॅनबेराला. तिथेच उभ्या उभ्या ठरवलं, उरलेल्या दोन्ही ठिकाणी जायचंच.

हाडं न्यूझीलंडला का, याचं उत्तर सोपं आहे. तो मूळचा तिथला. 4 ऑक्टोबर 1926 ला टिमारूजवळच्या सीडाऊनला जन्मला. बाप नाइट रेड, आई एन्ट्रीटी. सिडनीचा ट्रेनर हॅरी टेलफर्ड याची नजर वंशावळीवर होती. डेव्हिड डेव्हिस या अमेरिकन व्यापाऱ्याच्या पैशांनी त्याने हे शिंगरू 160 गिनींना (गिनी म्हणजे जुनं ब्रिटिश चलन) घ्यायला लावलं. समोर आलं ते हाडकुळं, बेढब जनावर. डेव्हिस इतका नाराज झाला, की प्रशिक्षणाचा खर्च करायलाही तयार होईना. शेवटी टेलफर्डनेच तो तीन वर्षांच्या कराराने चालवायला घेतला. नाव पडलं थाई भाषेतल्या विजेच्या शब्दावरून.

काही महिन्यांनी मेलबर्नला पोचले. कार्लटन गार्डन्समध्ये जुन्या रॉयल एक्झिबिशन बिल्डिंगसमोरच मेलबर्न म्युझियम आहे. बाकीची दालनं मी अक्षरशः ओलांडत गेले. फार लॅपच्या भोवती उजेड मुद्दाम मंद ठेवलाय, कातड्याचा रंग उडू नये म्हणून. त्या अंधुक उजेडात काचेमागे तो तांबूस, तुकतुकीत घोडा उभा होता. न्यूयॉर्कच्या कारागिरांनी काय काम केलंय! मानेवरच्या, पोटावरच्या नसा वर आलेल्या दिसतात, जणू आत्ताच सरावाहून आलाय. उंची 17 हँडच्या वर (एक हँड म्हणजे चार इंच), म्हणजे नुसता खांदाच पावणेसहा फुटांच्या आसपास. मी टाचा उंच करून त्याच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला. 1933 पासून लोक त्याच्यापुढे येऊन हेच करत असणार.

शेजारी एका बाबांनी छोट्या मुलीला कडेवर घेतलं होतं. तिने विचारलं, "याला कोणी मारलं?" बाबा गप्प झाले. मीही त्याच प्रश्नाशी अडले होते.

मेक्सिकोत तिहुआनाला 20 मार्च 1932 ला ‘आग्वा कालिएन्ते हँडिकॅप’ शर्यत त्याने खुराला इजा असताना जिंकली, तीही ट्रॅकचा विक्रम मोडून. सोळा दिवसांनी, 5 एप्रिलला, कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला तो तडफडून गेला. वय अवघं पाच. पुढे शास्त्रज्ञांनी त्याच्या आयाळीचे केस तपासले, तेव्हा मरणाआधीच्या दीडेक दिवसात पोटात मोठ्या प्रमाणावर आर्सेनिक गेल्याचं 2008 मध्ये प्रसिद्ध झालं. त्या काळी घोड्यांच्या टॉनिकमध्ये आर्सेनिक सर्रास घालत. त्यामुळे कोणी मुद्दाम दिलं की मात्रा चुकली, हा वाद मिटलेला नाही. पण त्या मुलीचा प्रश्न हवेतला नव्हता. 1 नोव्हेंबर 1930 ला सकाळचा सराव आटोपून परतताना मेलबर्नच्या रस्त्यात मोटारीतून त्याच्यावर खरोखर गोळी झाडली होती. नेम चुकला. त्याच दुपारी त्याने शर्यत जिंकली. मग जीलाँगजवळच्या पागेत त्याला लपवून ठेवलं, आणि मंगळवारी, 4 तारखेला, पाठीवर 62 किलोंहून जास्त वजन घेऊन जॉकी जिम पाइकसह त्याने मेलबर्न कप, म्हणजे ऑस्ट्रेलियातली सगळ्यात मानाची शर्यत, मारला.

दुसऱ्या दिवशी फ्लेमिंग्टनला, मेलबर्न कप होतो त्या मैदानावर गेले. शर्यत नव्हती. तिथल्या त्याच्या पुतळ्याजवळ मी बराच वेळ थांबले. मंदीचा काळ होता तो, हाताला काम नव्हतं, आणि लोक या घोड्यासाठी जीव टाकत होते. 51 शर्यतींत 37 विजय. हँडिकॅपच्या नियमाने जिंकेल तसं वजन वाढत जायचं. 1931 च्या कपमध्ये त्याच्यावर 68 किलो लादले, आणि तो आठवा आला. मला हे वाचून आजही चीड येते.

शेवटी कॅनबेरा. तलावाकाठच्या नॅशनल म्युझियममध्ये काचेच्या भांड्यात ते हृदय आहे. द्रवात बुडालेलं, फिकट पडलेलं. वजन 6.2 किलो, साधारण घोड्याच्या हृदयाहून कितीतरी जास्त. याच्यामुळेच तो पळायचा, असं सगळे सांगतात. मला तेवढ्याने समाधान वाटत नाही. पहिल्या चार शर्यती तो हरला, तेव्हाही छातीत हेच हृदय होतं. टेलफर्डने त्याला वाळूच्या टेकड्यांवर घाम गाळायला लावला, आणि टॉमी वुडकॉक नावाचा पोरसवदा मोतद्दार रात्रंदिवस त्याच्यापाशी राहिला. तो त्याला लाडाने ‘बॉबी’ म्हणायचा. त्या गोळीच्या सकाळीही सोबत तोच होता, आणि कॅलिफोर्नियातल्या शेवटच्या दिवशीही. ही माया किलोत कशी मोजणार?

फार लॅप खच्ची केलेला होता, त्यामुळे त्याचं रक्त पुढे कुठल्याच घोड्यात नाही. थरोब्रेडच्या, म्हणजे शर्यतीच्या जातिवंत घोड्यांच्या, जगात वारसा म्हणजे वंश, आणि तो त्याला नाही. पण वुडकॉक पुढे स्वतः ट्रेनर झाला. 1977 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्याच्या ‘रेकलेस’ या घोड्याने एकाच वर्षात सिडनी, ॲडलेड आणि ब्रिस्बेन कप जिंकले. मेलबर्न कपमध्ये तो दुसरा आला. बॉबीपाशी शिकलेले हात पंचेचाळीस वर्षांनीही घोड्यांच्या अंगावरून फिरत होते.

2010 मध्ये मेलबर्न कपच्या दीडशेव्या पर्वाला वेलिंग्टनची हाडं मेलबर्नला आणून कातड्याशेजारी ठेवली होती. ते बघायला मी नव्हते, याची रुखरुख लागून राहिली आहे.

कॅनबेराचं संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली, तसे दिवे मंदावले. मी काचेजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "येते रे, बॉबी."