रात्री दोन वाजताची भाकरी

सगळ्यांना सलाम. खूप महिन्यांनी लिहायला बसलेय. मधे लिहिलं नाही कारण जे लिहिण्यासारखं होतं ते सांगायची लाज वाटत होती. आता थोरल्यानेच सांगितलं, मम्मी लिही, फक्त माझं नाव टाकू नको, म्हणून लिहितेय.

आमचा थोरला 29 वर्षांचा आहे. इंजिनिअरिंग झाल्यावर एमपीएससी करायला पुण्याला गेला, सदाशिव पेठेत तिघांत एक खोली, मेसचा डबा, सकाळी सातला अभ्यासिकेत जाऊन बसायचं ते रात्री अकराला बाहेर पडायचं, असं पाच वर्षं. ज्यांची मुलं तिथे आहेत त्यांना मी वेगळं काय सांगणार. प्रिलिम निघायची, मेन्सला थोडक्यात राहायचं. मग 2025 पासून राज्यसेवेचा पॅटर्न बदलला, ऑब्जेक्टिव्हच्या जागी पानंच्या पानं लिहायची, म्हणजे परत पहिल्यापासून तयारी. बरोबरची मुलं एकेक करून निघून गेली, कोणी पीएसआय झाला, कोणी गावाकडे दुकान टाकलं. आणि मागच्या पावसाळ्यात हा दोन बॅगा आणि पुस्तकांचं एक पोतं घेऊन नगरला घरी आला, आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

दिवसा झोपायचा, रात्रभर जागा. दाढी वाढलेली. मी ताट दाराशी ठेवायचे, ते अर्धं तसंच परत यायचं. फोन आला की उलटा करून ठेवायचा. ह्यांची चिडचिड व्हायची, वय चाललंय त्याचं, काहीतरी करायला सांग त्याला.

मी काय केलं? प्रार्थना केली. पण कशी केली ते सांगते, कारण माझ्यासारख्या आया बऱ्याच असतील. आमच्याकडे रात्री जेवायच्या आधी कौटुंबिक प्रार्थना असते, त्याला हाक मारून बसवायचे आणि मोठ्याने म्हणायचे, प्रभू याला सुबुद्धी दे, याचा आळस काढून टाक, याला उठव, बापाचं वय झालंय हे याला कळू दे. एक दिवस तो प्रार्थना चालू असतानाच उठला. आवाज अजिबात चढवला नाही, दारापाशी थांबून म्हणाला, "मम्मी, तू देवाशी बोल ना, मला कशाला ऐकवतेस."

त्या रात्री मला झोप नाही. खरंच होतं त्याचं, मी डोळे मिटून त्यालाच बोलत होते आणि देवाचं फक्त नाव घेत होते.

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तर मी अर्धंच सांगितलेलं. महिला मंडळात विनंती दिली की मुलाच्या नोकरीसाठी प्रार्थना करा, बस एवढंच. तरी लोकांना कळतंच. भेटायला येणारे प्रेमानेच यायचे, पण बहुतेक जण बायबलमधलं लूक 15 काढायचे, बापाचा पैसा दूरदेशात उडवून उधळ्या पुत्र परत आला तसा तुमचाही येईल म्हणायचे. मी आमेन म्हणायचे आणि ते गेल्यावर मला रडू यायचं. माझ्या मुलाने काय उधळलं हो? पाच वर्षं एका शर्टावर दिवाळी काढली त्याने. कोणत्या दूरदेशातून परत यायचंय त्याला, तो तर भिंतीपलीकडे आहे.

मग रोजच्या बायबल वाचनात 1 राजे या पुस्तकाचा 19वा अध्याय आला. लहानपणापासून संडे स्कूलमध्ये शिकवलेला अध्याय, पण शिकवताना आम्ही नेहमी पुढचा तो देवाच्या मंद वाणीचा भाग घ्यायचो. या वेळी मी सुरुवातीलाच अडकले. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम केलेला एलीया संदेष्टा, तो रानात जाऊन एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो पुरे झालं आता, माझा जीव घे. आणि देव त्याला काय म्हणतो? काहीच नाही! दूत येतो, त्याला हात लावतो, उठ आणि खा म्हणतो. उशाशी भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो आणि परत झोपतो, आणि दूत त्याला झोपू देतो, दुसऱ्यांदा येतो आणि परत खायलाच घालतो, आणि वर म्हणतो की पुढची वाट तुला झेपायची नाही. तू इथे काय करतोस हा प्रश्न देवाने विचारला तो 40 दिवसांनंतर, होरेब डोंगराला पोचल्यावर. मी तर तो प्रश्न पहिल्या आठवड्यातच विचारला होता, रोज विचारत होते.

त्यानंतर काही दिवसांनी रात्री दोनला मला स्वयंपाकघरात लाईट दिसला. हा ओट्यापाशी नुसताच उभा, हातात रिकामा ग्लास. मी काही विचारलं नाही. ज्वारीचं पीठ काढलं, तवा ठेवला, भाकरी थापायला घेतली. तो खाली पाटावर बसला. भाकरी टम्म फुगली तसं त्याने ताट पुढे केलं, लहानपणी करायचा अगदी तसंच. दही आणि ठेच्याबरोबर दीड भाकरी खाल्ली. महिन्यांनी. हात धुताना एवढंच बोलला, मम्मी मला खूप भीती वाटते गं. मी पिठाच्या हातानेच त्याचं डोकं धरलं. मोठ्याने प्रार्थना केली नाही. शब्द सुचत नव्हते, आणि रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात लिहिलंय ना, आपल्याला नीट प्रार्थना करता येत नाही तेव्हा पवित्र आत्मा आपल्यासाठी विनंती करतो, त्यावर सोडून दिलं.

धाकटी नर्स आहे, तिने सकाळीच 14416 ला फोन लावून दिला, ती सरकारची टेली मानस हेल्पलाईन, फुकट आहे आणि रात्रीसुद्धा चालू असते. पहिल्यांदा तो दहा मिनिटं बोलला. मग डॉक्टर, मग गोळ्या. मंडळीतल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, विश्वास कमी पडला का. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आता देते. माझी आई मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलमध्ये काम करायची, 1894 पासूनचं ते हॉस्पिटल, ज्यांनी आपल्याकडे शुभवर्तमान आणलं त्यांनीच ते बांधलं. त्यांना प्रार्थना आणि औषध दोन्ही एका हातात धरता आलं, मग मला का येऊ नये.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. त्या दिवशी मी सगळ्या बायकांसमोर उभी राहिले आणि पूर्ण सांगितलं, खोली, गोळ्या, भीती, सगळं. मी बसले आणि मागून एक ताई उठल्या, माझ्या मुलीचं पण असंच आहे म्हणाल्या. मग अजून एक.

नंतर पाळकसाहेबांनी मला मोनिकाबद्दल सांगितलं, पुढे मोठे ख्रिस्ती धर्मगुरू झालेल्या संत ऑगस्टीनची आई, उत्तर आफ्रिकेतली. मुलगा तिला खोटं सांगून रातोरात जहाजाने रोमला निघून गेला, सन 383 मध्ये, आणि ती त्याच रात्री किनाऱ्याजवळ प्रार्थना करत होती की त्याला जाऊ देऊ नकोस. ती प्रार्थना देवाने ऐकली नाही. पण त्याच प्रवासाने तो पुढे मिलानला पोचला आणि 387 च्या ईस्टरला तिथेच त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि तिने तो पाहिला. पाच वर्षं मी एकच मागितलं होतं, याला पास कर. आता मी ते मागत नाही.

आता जी प्रार्थना करते ती इथे लिहून ठेवते, कोणाला घ्यावीशी वाटली तर घ्या.

हे प्रभू, हा आधी तुझा आहे, मग माझा. आज याला झोप लागू दे. आज याला दोन घास जाऊ दे. याच्या मनात जे काळं येतं ते आलं की याला कोणाला तरी हाक मारता येऊ दे, आणि ती हाक मला ऐकू येऊ दे. माझ्या तोंडावर पहारा ठेव. उद्याचं उद्या मागते. आमेन.

अजून तो पूर्ण बरा नाही. काही दिवस दार बंदच असतं. पण सकाळी भुईकोट किल्ल्यापर्यंत चालून येतो आणि मागच्या दोन रविवारी उपासनेला आला, शेवटच्या बाकावर बसला, आशीर्वादाच्या आधीच निघून गेला, चालेल. पुस्तकांचं पोतं अजून कोपऱ्यात तसंच बांधलेलं आहे, मी त्याला हात लावत नाही.

काल रात्री आतून आवाज आला, मम्मी पीठ आहे का. पीठ संपलं होतं. तोच उठला आणि सकाळी जायला नको म्हणून रात्रीच ज्वारी निवडायला बसला.