नवं

आश्विनात कोकणात दुपारी ऊन चटके देतं आणि पहाटे पायाशी गोधडी शोधावी लागते. शहरात याला ‘ऑक्टोबर हीट’ म्हणून आम्ही पंखा वाढवतो. गावी मात्र याच उन्हाकडे डोळे लागलेले असतात. हळवं भात 115 दिवसांच्या आत तयार होतं, आणि नेमकी तेव्हाच परतीच्या पावसाला आमच्या मळ्याची आठवण येते. चार दिवस कडकडीत ऊन मिळालं तर कापणी, झोडणी सुरळीत; नाहीतर आडवं पडलेलं भात आणि लोंबीवरच फुटलेले मोड.

आमच्या रत्नागिरीकडे नवान्न पौर्णिमेला, म्हणजे कोजागरीला, दारावर ‘नवं’ बांधतात. भाताच्या दोन लोंब्या, नाचणीचं कणीस, वरीचा तुरा, बांधावरचा गुलाबी-पांढरा कुरडू, एखादा झेंडू. सगळं आंब्याच्या पानात गुंडाळून केळीच्या वाळक्या सोपटानं आवळायचं. आजीचं नवं असं आटोपशीर की उपटून बघावं, तरी लोंबी हलायची नाही. माझं गाठ मारतानाच विस्कटायचं.

ते बांधायचं कुठे? देव, तुळस, दार हे झालंच. मग नांगर, जातं, तांदळाचा पिंप, विहिरीचा रहाट. रहाट जाऊन पंप आला, तर पंपाला.

“आजी, पंपाला कशाला?”

“का? तो काय बसून खातो?”

‘आभार’ हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. आमच्याकडे आभार सभेच्या शेवटी, लोक चपला शोधत असताना मानतात.

यंदा काकानं पाच किलो नव्या तांदळासोबत तीन-चार नवी पाठवली. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, हे दर वर्षी मी विसरतो. पहिला भात गिचका झाला. पण झाकण काढल्यावर जो वास आला, त्यापुढे गिचक्याचं काही वाटलं नाही. (बायकोला वाटलं.)

एक नवं देवाला, एक दाराला, एक तांदळाच्या डब्याला. एक उरलं. ते घेऊन घरभर फिरलो. ज्याच्यावर आमचं पोट चालतं ते यंत्र टेबलावरच होतं, पण तो लॅपटॉप, आणि त्याचा मालकही, खरोखरच बसून खाणारा. तरी बांधलं त्याच्या पिशवीच्या चेनला.

सोमवारी ऑफिसात चेन ओढली, तेव्हा टेबलावर भाताचे दोन दाणे सांडले.