राजगड मॅप: चौथ्या लाटेचा डीसिंक अखेर सापडला

वॉरक्राफ्ट ३ साठी मी राजगडाचा मॅप बनवतोय: शत्रू लाटांनी चढून येतो आणि खेळाडू माच्यांवरून दगड लोटून किल्ला राखतात. मागच्या अपडेटमध्ये मी लिहिलं होतं की दगड लोटायची सिस्टीम पूर्ण झाली, आता फक्त लाटांचं बॅलन्सिंग उरलंय. त्याच रात्री धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, मी परत बाहेर फेकला गेलो." चौथी लाट, पद्मावती माचीवर हल्ला आणि डिस्कनेक्ट. एकट्याने खेळलो तर काहीच होत नव्हतं, आणि ते साहजिकच आहे. वॉरक्राफ्ट ३ मध्ये प्रत्येक मशीन तोच खेळ स्वतः चालवतं, नेटवर्कवरून फक्त खेळाडूंच्या आज्ञा जातात. दोन मशीनवरचे खेळ वेगळे पडले की तो डीसिंक, आणि खेळाडू बाहेर फेकला जातो. एकच मशीन असेल तर ताडून बघायला दुसरं नाहीच.

पहिला संशय अर्थातच गेटलोकलप्लेयरवर, म्हणजे या मशीनवर कोण खेळतंय हे सांगणाऱ्या फंक्शनवर; त्याचं उत्तर प्रत्येक मशीनवर वेगळं असतं. माझ्याकडे तो दोनच ठिकाणी होता: कॅमेरा हलवताना आणि माचीवरची मशाल फक्त त्या माचीच्या खेळाडूला दाखवताना. मशालीत इफेक्ट सगळ्यांसाठीच तयार होतो, इतरांना फक्त मॉडेल फाइलच्या पाथची स्ट्रिंग रिकामी जाते. म्हणजे हँडल (खेळातल्या वस्तूंचे अंतर्गत क्रमांक) सगळीकडे सारखेच. तरीही दोन्ही काढून पाहिले. डीसिंक तसाच.

मग तीन संध्याकाळी नुसते ट्रिगर (मॅपमधल्या स्क्रिप्टचे तुकडे) बंद-चालू करण्यात गेल्या. निम्मे बंद, खेळ, उरलेल्यातले निम्मे बंद, परत खेळ. शेवटी लाटेतला टॉरेन चीफटन हा हिरो काढून फूटमन हा साधा सैनिक ठेवला आणि मॅप चाळीस मिनिटं एकदाही फुटला नाही. चीफटन काय करतो? शॉकवेव्ह मारतो. शॉकवेव्ह जमीन हलवते. आणि माझा दगड दर ०.०३१२५ सेकंदाला जमिनीची उंची विचारतो!

दोन लॅपटॉप शेजारी ठेवले आणि टाइमरमध्ये बीजेडीबगमेसेजने उंची पडद्यावर छापली. त्याच क्षणी, त्याच दगडाखाली एका पडद्यावर ४१२ आणि दुसऱ्यावर ४०५. तो आकडा बघून मी खुर्चीतून उठलोच.

जमिनीची ती लाट दिसण्यापुरती असते, प्रत्येक मशीनवर आपापल्या परीने चालते. जमिनीची उंची देणारं फंक्शन, गेटलोकेशनझेड, तीच हलती जमीन मोजतं. नुसतं दगड दाखवायला ते वापरलं असतं तर काही बिघडलं नसतं. मी मात्र त्याच आकड्यावर ठरवत होतो की दगड शत्रूला लागला की डोक्यावरून गेला. एका मशीनवर सैनिक मेला, दुसऱ्यावर जिवंत राहिला, तिथेच खेळ फुटला.

आता उंचीचे दोन हिशेब वेगळे केले. दिसण्यासाठी गेटलोकेशनझेड, तेही एकाच ग्लोबल लोकेशनला (मॅपवरच्या बिंदूला) मूव्हलोकेशनने फिरवून, म्हणजे टाइमरच्या दर टिकला नवं लोकेशन तयार करून मेमरी लीक करणं संपलं. दगड लागला की नाही हे ठरवायला गेटटेरेनक्लिफलेव्हल. तो पूर्णांक आहे, कड्याची पायरी सांगतो, शॉकवेव्हने बदलत नाही. काल रात्री तिघांनी शेवटच्या लाटेपर्यंत खेळलो. कुणीही बाहेर पडलं नाही. भाऊ सुवेळा माचीवरून ओरडत होता आणि मला ते ओरडणं फार गोड वाटलं.

टूलबद्दल एक सांगतो. हे सगळं मी जीयूआय ट्रिगरमध्ये, म्हणजे कोड न लिहिता यादीतून निवडून, केलं असतं तर अजून शोधतच असतो. कस्टम टेक्स्टमध्ये रूपांतर करा आणि जास ही वॉरक्राफ्टची स्क्रिप्ट भाषा शिका. खेळाच्या १.३१ आवृत्तीपासून लुआ ही भाषाही आहे आणि टेबलं फार सोयीची आहेत हे मान्य, पण माझी निम्मी लायब्ररी व्हीजासमध्ये (जासच्या वाढवलेल्या रूपात) आहे. अर्ध्या वाटेत घोडा बदलणार नाही.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. पायरी पूर्णांकात मिळतेच आहे, तर दगड जितक्या पायऱ्या खाली आला तितकं नुकसान वाढवता येईल. बालेकिल्ल्यावरून लोटलेला दगड आणि माचीच्या कडेवरून लोटलेला दगड सारखाच का लागावा? पुढच्या आठवड्यात दुकानाचा ट्रिगर घेणार होतो, तो आता मागे. संजीवनी माचीच्या दुहेरी तटबंदीलाही याचा उपयोग होईल: बाहेरच्या तटापेक्षा आतला एक पायरी वर उचलला, की शत्रू मधल्या चिंचोळ्या वाटेत अडकला असताना वरून दगड सोडता येतील. फक्त तेवढी वाट पाथिंगला (सैनिकांना रस्ता शोधून चालायला) पुरेशी रुंद ठेवावी लागेल, नाहीतर चीफटन तोंडाशीच अडून बसेल.

रविवारी आधी तीच वाट आखतो. मग दोन्ही लॅपटॉपवर चीफटनला लागोपाठ वीस शॉकवेव्ह मारायला लावणार.