हद्द विचारली, बुरूज दाखवला

सकाळी सातला निघायचं, असं वनहक्क समितीनं आदल्या रात्री ठरवलं. चैत्र सुरू होता. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातल्या त्या पाड्यावर पहाटेपासून मोह टपटपत होता आणि बायका टोपल्या घेऊन झाडांखाली बसल्या होत्या. सामूहिक वनहक्काच्या दाव्यासाठी गावाची पारंपरिक हद्द मोजायला निघालो तेव्हा आम्ही अकरा जण होतो आणि अकराही पुरुष. समितीत बायका आहेत, निदान एक तृतीयांश असाव्यात असा नियमच आहे. पण वेळ ठरवताना त्यांना कुणी विचारलं नाही आणि मीही वेळेवर बोललो नाही.

सांस्कृतिक मानवशास्त्राचा अभ्यासक म्हणून मी जंगल टिकण्याचा आणि नागरिकत्वाचा संबंध पाहतो. सातपुड्यात हा संबंध २००६ च्या वनहक्क कायद्यात सगळ्यात स्पष्ट दिसतो. गावानं पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं जंगल, मग ते राखीव असो की अभयारण्यातलं, राखायचा आणि त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क तो ग्रामसभेला देतो. त्यासाठी नमुना 'क' भरायचा आणि सोबत नकाशा जोडायचा. सगळं अडतं ते या नकाशावर.

पुढं चालणाऱ्या म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, "बाबा, गावाची हद्द कुठून धरायची?" ते न थांबता टेकडीच्या कडेला गेले आणि दगडांच्या रचलेल्या ढिगावर हात ठेवला. तो वनखात्याचा बुरूज होता. तिथून दुसऱ्या बुरुजावर गेलो, मग तिसऱ्यावर. दोन तासांत आम्ही राखीव वनाच्या कक्षाची, म्हणजे वनखात्यानं आखलेल्या तुकड्याची, कडा मोजत होतो आणि वहीत तिला गावाची पारंपरिक हद्द म्हणत होतो.

बाबांनी चुकीचं काही दाखवलं नव्हतं. 'हद्द' या शब्दाला त्यांनी आयुष्यभर जो अर्थ पाहिला तोच दाखवला. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव वनांच्या सीमा आखल्या गेल्या. तेव्हापासून डोंगरातल्या माणसासाठी हद्द म्हणजे जिच्या पलीकडं गुरं गेली की दंड होतो ती रेघ. मराठी कागदातला शब्द मी पावरी बोलणाऱ्या माणसापुढं ठेवला आणि उत्तरही कागदातलंच मिळालं.

मोजणीचं तंत्र थोडक्यात सांगतो, कारण दावे पुष्कळदा इथंही परत येतात. मोकळ्या माळावर मोबाइलनं दाखवलेली जागा खऱ्या जागेपासून साधारण पाच मीटरच्या आत बसते. खोल नाल्यात किंवा दाट झाडीत तीच वीस-पंचवीस मीटर सरकते. म्हणून प्रत्येक खुणेवर दोन मिनिटं थांबायचं, पडद्यावरची चूक स्थिर झाली की मगच बिंदू घ्यायचा आणि ती चूक किती मीटर होती ते वहीत लिहायचं. चालताना आपोआप उमटणाऱ्या रेघेवर भिस्त ठेवू नये, उतारावर माणूस नागमोडी चालतो आणि रेघही नागमोडी येते. खुणेचं नाव गाव ज्या बोलीत घेतं त्याच बोलीत लिहायचं. शेवटचा बिंदू पहिल्याच खुणेवर घ्यायचा, म्हणजे फेरी जुळते की नाही ते कळतं. बॅटरी डोंगरात लवकर उतरते, म्हणून दोन यंत्रं आणि एक कागदी वही लागतेच. आणि निघण्यापूर्वी वनखात्याला लेखी सूचना दिल्याची पोच हवी. त्यांचं कुणी आलं नाही तरी पडताळणी थांबत नाही, पण पोच नसेल तर पुढं आक्षेप निघतो.

दहाच्या सुमारास एका नाल्यापाशी पोहोचलो. समोरून बायका येत होत्या, डोक्यावर मोहाच्या भरलेल्या टोपल्या. त्या आमच्या रेघेच्या पलीकडून येत होत्या. एक आजी थांबल्या, आमच्या यंत्राकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "अलीकडंच काय मोजता? आमचा मोह तर नाल्यापल्याड."

मी सकाळची पानं आडवी रेघ मारून बाजूला ठेवली आणि प्रश्न बदलले. मोह वेचायला कुठवर जाता? वैशाखात कुठला झरा टिकतो? गुरं पाण्याला कुठून उतरतात? गवत कुठलं कापता? वाघदेवाची पूजा कुठं होते? माणूस गेल्यावर कुठं नेता? हे प्रश्न माझ्या डोक्यातून आलेले नव्हते. कायद्याच्या नियम १३ मध्ये सामूहिक हक्काचा पुरावा म्हणून जवळपास हीच यादी आहे: चराईच्या जागा, कंदमुळं आणि वनोपज गोळा करायच्या जागा, पाण्याचे स्रोत, देवाची झाडं, देवराया, दहन-दफनाच्या जागा. मानवशास्त्राच्या पहिल्या वर्षात क्षेत्रकार्य शिकवताना जे विचारायला सांगतात, ते इथं राजपत्रात छापलेलं आहे. एवढा चांगला नियम हातात असून मी 'हद्द कुठं' विचारत बसलो, याची त्या दिवशी फार चुटपुट लागली.

फेरी पुन्हा काढली, या वेळी बायका पुढं. नाल्यापल्याड गेल्यावर कळलं की जंगल सगळ्यांचं असलं तरी मोहाची झाडं घराघराची आहेत. कुठल्या झाडाखाली कुठल्या घरानं वेचायचं हे ठरलेलं, सासूकडून सुनेकडं आलेलं. कुठल्याच कागदावर याची नोंद नाही. आणखी पुढं गेलो तर झाडांखाली शेजारच्या गावच्या बायका वेचत होत्या. भांडण नव्हतं. एक झाड यांचं, पुढची दोन त्यांची, मग परत यांचं. हा पट्टा बराच लांब होता.

नकाशाला रेघ लागते आणि इथं रेघच नव्हती. समितीतल्या एका तरुणानं सुचवलं, नाल्याच्या मधोमध धरू, दोन्ही गावांना बरं. ऐकायला न्याय्य वाटतं, पण पुढं यातूनच भांडणं उभी राहतात. नाल्यावर रेघ आखली असती तर आजींची झाडं दुसऱ्या गावाच्या व्यवस्थापनात गेली असती आणि आजवर तोंडी चाललेला समजूतदारपणा अतिक्रमण ठरला असता. नियम १२ मध्ये याची सोय आहे: एकाच वनक्षेत्राचा वापर एकाहून अधिक ग्रामसभा करत असतील, तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून वापराचं स्वरूप लिहून काढायचं आणि आपापल्या ग्रामसभेपुढं ठेवायचं. तिथंही नाही जमलं, तरच उपविभागस्तरीय समितीकडं जायचं. म्हणून तो पट्टा आम्ही रेघेनं तोडला नाही. दोन्ही कडा मोजल्या आणि मधला भाग 'सामाईक वापर' म्हणून वेगळा ठेवला.

दुपारी पाड्यावर राखेनं जमिनीवर नकाशा काढला. नाल्यासाठी निळा दोरा, झऱ्यासाठी खडे, मोहासाठी मोहाचीच फुलं. कागदावर गप्प बसणारी माणसं जमिनीवर बोलतात, कारण राख पुसता येते. औषधी वनस्पतींच्या जागा दाखवायला पुजारा, म्हणजे गावची पूजा आणि औषधपाणी बघणारे, तयार नव्हते आणि मला ते पटलं. दाव्याचा नकाशा अनेक टेबलांवरून फिरतो. यादीत वनस्पतींची नावं लिहिली, ठिकाणं टाकली नाहीत.

मग सभेच्या यादीचा प्रश्न आला. दावा मंजूर करणाऱ्या ग्रामसभेत निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. यादी चाळली तर कित्येक घरं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली. त्यांची नावं गाळली की गणसंख्या सहज भरते, आणि तसा सल्ला एका कार्यालयातून तोंडी मिळालाही होता. समितीनं तो मानला नाही. चार-सहा महिने बाहेर राहणारा माणूसही या जंगलाचा वारसदार आहे, त्याचं नाव राहू द्या, सभा तोडीवरून माणसं परतल्यावर घेऊ, असं ठरलं. उशीर झाला, पण पुढं सह्यांवर कुणी बोट ठेवू शकणार नाही.

वयस्कांचे जबाबही त्याच दुपारी लिहायला घेतले. इथं एक अट नेहमी नजरेतून सुटते: जबाब देणारा वयस्क स्वतः दावेदार नसावा. सामूहिक दाव्यात सगळा पाडाच दावेदार, म्हणून शेजारच्या गावच्या म्हाताऱ्यांचे जबाब घेतलेले बरे. सामाईक पट्ट्यामुळं ते सोपं झालं, दोघांना एकमेकांची साक्ष हवीच होती. जुने कागद शोधणाऱ्यांसाठी एक गोष्ट: नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधीचं दप्तर धुळ्याच्या नावावर, त्याआधीचं पश्चिम खानदेशच्या आणि १९०६ पूर्वीचं नुसत्या खानदेशच्या नावावर सापडतं. १८८० चं खानदेश गॅझेटिअर पुरावा म्हणून जोडता येतं.

संध्याकाळी शेजारच्या गावची समिती आली. त्यांच्यासोबत पाच बायका होत्या. राखेच्या नकाशाभोवती बसून दोन्हीकडच्या बायकांनी आधी झाडं मोजली आणि मग आगीचा विषय काढला. मोह वेचायला सोपं पडावं म्हणून काही जणी झाडाखालचा पाला पेटवतात. आग सरकते, रोपं जळतात आणि मोहाचं नवं झाड उभंच राहत नाही. सामाईक पट्ट्यात पाला पेटवायचा नाही, झाडून बाजूला लोटायचा, असं त्यांनी तिथंच ठरवलं. कुणी पेटवला तर आग विझवायला दोन्ही गावांनी जायचं आणि दंड कुणाच्या ग्रामसभेत भरायचा ते झाड कुणाचं यावरून ठरेल. आजी म्हणाल्या, हेही लिहा. आम्ही ते दोन वह्यांत सारख्याच शब्दांत लिहिलं, दोन्ही समित्यांच्या सह्या आणि अंगठे घेतले आणि अंधार पडायच्या आत त्या गावची वही त्यांच्याबरोबर नाल्यापल्याड पाठवली.